झायडेको आणि केजन: फरक नेमका कुठे?

रानवारा:
लुइझियानाचं केजन संगीत, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्यांचं, बरंच ऐकलंय. परवा झायडेको वाजवणारा क्लिफ्टन शेनिये ऐकला आणि चक्रावलो. ॲकॉर्डियन तेच, बरीच गाणी फ्रेंचमध्येच, पण चाल सरळ ब्लूजची. फिडलचा पत्ता नाही, आणि मागे सतत काहीतरी खरखरतंय. झायडेको म्हणजे केजनचंच पुढचं रूप का? जाणकारांनी सांगावं.

सूरभाता:
ॲकॉर्डियन तेच नाहीये, रानवारा! सगळी गोम तिथेच आहे. मी स्वतः पियानो ॲकॉर्डियन वाजवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केजन वादकांकडे असतं ते बटणांचं छोटं ॲकॉर्डियन. बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. शिवाय एका पट्टीचेच सूर मिळतात. हात सारखा आत-बाहेर करावा लागतो आणि तो झटका तालात उतरतो. टू-स्टेप नाचायला झकास, पण ब्लूजला लागणारे कोमल सूर त्यात हात आखडून मिळतात. शेनियेच्या गळ्यात होतं पियानोच्या पट्ट्यांचं मोठं वाद्य. बाराही सूर हजर, भाता कुठेही जावो. म्हणून तो सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटारबरोबर हव्या त्या पट्टीत वाजवू शकला.

आता 'पुढचं रूप' या शब्दांबद्दल. ते मला अजिबात मान्य नाही. नैऋत्य लुइझियानात फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय क्रेओल शेतकरी घरातलं सामान हलवून जागा करायचे आणि रात्रभर नाचायचे. त्या मैफलींना 'ला-ला' म्हणत. ॲकॉर्डियनवादक आमेदे आर्दवाँ हा त्यांच्यातला. १९२९ मध्ये त्याने डेनिस मॅगी या गोऱ्या केजन फिडलवादकाबरोबर रेकॉर्ड केलं. कृष्णवर्णीय आणि गोरा एकत्र, तेही वर्णभेदाच्या त्या दक्षिणेत! पुढचे केजन ॲकॉर्डियनवादक त्याच्याच चाली वाजवत मोठे झाले. म्हणजे केजन संगीतच या क्रेओल माणसाचं देणं लागतं.

मग कामासाठी माणसं टेक्ससकडे गेली. पोर्ट आर्थरचे तेलशुद्धीकरण कारखाने, ह्यूस्टनमधलं फ्रेंचटाउन. क्लिफ्टन आणि त्याचा भाऊ क्लीव्हलंड त्यांच्यातलेच. तिथे शहरी रिदम अँड ब्लूज कानावर पडलं आणि ला-लाचं झायडेको झालं.

तालमणी:
मस्त प्रतिसाद! ती खरखर म्हणजे वॉशबोर्डच ना?

सूरभाता:
सुरुवातीला तोच होता, कपडे घासायचा साधा. दोरीने गळ्यात अडकवायचा नाहीतर हातात धरायचा. १९४६ मध्ये क्लिफ्टनने विली लँड्री नावाच्या धातुकाम करणाऱ्या माणसाला नवा आकार सांगितला आणि त्याने तो बनवून दिला. पन्हाळीचा पत्रा, वर खांद्यावरून वळवलेला, अंगात घालायच्या जाकिटासारखा. त्यालाच फ्रॉत्वार म्हणतात. दोन्ही हात मोकळे! क्लीव्हलंड दोन्ही हातांत बाटल्यांची ओपनर घेऊन वाजवायचा. लक्ष देऊन ऐका, खाली जाणारा फटका आणि वर येणारा फटका यांचा आवाज वेगळा येतो. ड्रमवाला ठेका धरतो, पण नाचणाऱ्यांचे पाय हलतात ते या पत्र्यावर.

रानवारा:
हे ठाऊकच नव्हतं. सुरुवात कुठून करू?

पडघम:
मधेच घुसतो. १९६४ मध्ये ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्सने आरहूली रेकॉर्ड्सच्या ख्रिस स्ट्राखविट्झला ह्यूस्टनच्या फ्रेंचटाउनमधल्या एका बारमध्ये नेलं. शेनिये तिथे फक्त एका ड्रमवाल्याला घेऊन वाजवत होता. स्ट्राखविट्झला जुना फ्रेंच बाज हवा होता, शेनियेला रिदम अँड ब्लूज. शेवटी तोडगा निघाला, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते. आरहूलीवरची ती पहिली एलपी आधी ऐका. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर सापडतील.

सूरभाताताई, एक भर घालतो. बटणांचं ॲकॉर्डियन झायडेकोतून गेलं नाही. बुझू चॅव्हिसचं गाणं १९५४ मध्येच गाजलं होतं. नंतर तो घोड्यांच्या शर्यतींकडे वळला आणि १९८४ मध्ये परतला, तो तेच छोटं वाद्य घेऊन. पुढची पिढी त्याच्यामागे गेली. ९० च्या दशकातल्या बो जॉकचा तो जाडजूड बास ऐकलात तर कळेल.

सूरभाता:
बरोबर आहे, पडघम. चॅव्हिसच्या वाजवण्यात भात्याचा झटका पुन्हा पुढे येतो, शेनियेत तो मागे गेला होता. रानवारा, दोघांचं एकेक वॉल्ट्झ लागोपाठ लावा. संथ लयीत फरक लवकर कळतो.