१०८ ला फोन केल्यापासून रुग्णाजवळ पोचेपर्यंत वेळ नेमका कुठे जातो?

घोडबंदरकर: ठाण्यात घोडबंदर रोडवर आमची २२ मजली, चार विंगची सोसायटी आहे. ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. तातडीच्या प्रसंगी कोणी काय करायचं याचं एक पान समिती तयार करते आहे. ट्रॅफिक आपल्या हातात नाही, पण बाकीचा वेळ कुठे जातो? ११२ लावायचा की १०८? आणि सरळ स्वतःच्या गाडीत घालून न्यावं का?

कंट्रोलरूम: आजारपण किंवा अपघात असेल तर थेट १०८. राज्याचं ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, १०८ चं पुण्यात. ११२ वर पोलीस, अग्निशमन सगळेच कॉल येतात आणि वैद्यकीय कॉल पुढे द्यावा लागतो. आग किंवा मारामारी असेल तर मात्र ११२.

फोनवर सर्वाधिक वेळ पत्त्यात जातो. कॉल घेणारी व्यक्ती पुण्यात बसलेली असते, तिला 'मानपाड्याच्या पुढे डावीकडे' सांगून काही कळत नाही. गणेशनगर आणि शिवाजी चौक तर गावोगावी आहेत. क्रम असा ठेवा: जिल्हा-शहर, भाग आणि पिनकोड, सोसायटीचं पूर्ण नाव, विंग-मजला, रुग्णवाहिकेसाठी कोणतं गेट. मग रुग्णाचं वय आणि दोनच गोष्टी: हाक मारली तर प्रतिसाद देतो का, श्वास नीट चालू आहे का. आजाराचा जुना इतिहास विचारला तरच सांगा. हा मजकूर छापून प्रत्येक घराच्या दारामागे आणि वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पिनकोड आठवत नाही.

दुसरी अडचण उलट फोनची. डॉक्टर किंवा चालक अनोळखी नंबरवरून फोन करतात, तो स्पॅम समजून कापला जातो किंवा त्याच वेळी घरचे नातेवाइकांना कळवत असतात. ज्या नंबरवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा, बाकीच्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा. आणि गाडी येईना म्हणून पाच जणांनी पाच कॉल करू नका. प्रत्येक कॉल नवी घटना आहे की जुनीच, हे तपासण्यात तिथली माणसं अडकतात.

रुग्णवाहिका_डॉक्टर: गेटपासून रुग्णापर्यंतचा वेळ कोणी मोजतच नाही, आणि उंच इमारतीत तोच घातक ठरतो. टोरांटोत घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खालचे ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. १६ व्या मजल्याच्या वर एक टक्कासुद्धा नाही.

म्हणून एक माणूस गेटवर, एक लिफ्टमध्ये. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं ठेवून धरायची. स्ट्रेचर साडेसहा फुटांच्या आसपास लांब असतं, आठ माणसांच्या लिफ्टची खोली जेमतेम साडेचार. आडवं जाणार नाही. तुमच्या कोणत्या लिफ्टमध्ये बसतं ते आजच टेपने मोजा. शुद्धीवरच्या रुग्णासाठी व्हीलचेअर तळमजल्यावर ठेवा, कुलूपबंद ऑफिसात नको. पोडियमचं (इमारतीखालच्या पार्किंगचं) छतही मोजा. मोठी रुग्णवाहिका दिव्यांसकट साडेआठ फुटांच्या घरात जाते. ती रॅम्पवर अडली की मागे घेण्यातच वेळ जातो.

रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल किंवा मधूनच आचके दिल्यासारखा असेल, तर १०८ लावून फोन स्पीकरवर टाका आणि सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) लगेच सुरू करा: कडक जमिनीवर, छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. सीपीआरशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे काम वॉचमनपासून सगळ्यांना शिकवा.

वाहनवाला_मित्र: संध्याकाळच्या वेळी रिक्षा लवकर पोचते, हे का लपवायचं?

रुग्णवाहिका_डॉक्टर: लपवत नाही, पण रुग्ण बघून ठरवा. हात मोडलाय, बाई कळा देतेय, माणूस नीट बोलतोय: गाडी दाराशी असेल तर न्या. श्वास बंद आहे, उंचावरून पडलाय, मानेला मार आहे: हलवू नका. गाडीच्या मागच्या सीटवर सीपीआर होत नाही. छातीत दुखत असेल तर आधी १०८ लावा, गाडी कुठून निघते आहे आणि किती वेळ लागेल ते विचारा. फारच लांब असेल आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेलं रुग्णालय जवळ असेल, तर त्यांना कळवून निघा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही.

कंट्रोलरूम: यंत्रणेचीही बाजू आहे. रुग्णालयात खाट मिळत नाही तोवर रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो आणि गाडी पुढच्या कॉलला मोकळी होत नाही. नुसत्या गाड्या वाढवून हे सुटणार नाही. इंग्लंडमध्ये रुग्णाचा ताबा रुग्णालयाकडे १५ मिनिटांत देण्याचं उद्दिष्ट आहे आणि जीवघेण्या कॉलला सरासरी ७ मिनिटांत पोचण्याचं. तिथेही ती उद्दिष्टं नेहमी पाळली जात नाहीत, पण आकडे दर महिन्याला जाहीर होतात. आपल्याकडे १०८ चं शहरातलं उद्दिष्ट २० मिनिटांचं. नगरसेवकांकडे मागणी करायची तर वॉर्डनिहाय आकडे मागा, आणि निव्वळ सरासरी घेऊ नका. दहापैकी नऊ कॉलना किती मिनिटांत गाडी पोचली ते विचारा. सरासरीत सर्वात उशिरा पोचलेले रुग्ण दिसत नाहीत.

घोडबंदरकर: लिफ्ट आणि पोडियम रविवारी मोजतो. एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, घ्यावं का?

रुग्णवाहिका_डॉक्टर: घ्या, पण चार विंगना मिळून एकच घेणार असाल तर मुख्य गेटच्या केबिनमध्ये, २४ तास हाताला येईल असं. पॅडवर आणि बॅटरीवर मुदत छापलेली असते, ती नोंदवहीत लिहा. महिन्यातून एकदा तयार असल्याचा दिवा पाहायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या. पेटीत कात्री, दाढीचं ब्लेड आणि कोरडा नॅपकिन हवाच; घामेजलेल्या किंवा केसाळ छातीवर पॅड चिकटत नाहीत.