ताट आणि तांब्या : तुमच्या घरात काय बदललं? (अनुभव धागा)

गेल्या मे महिन्यात एका दुपारी सासूबाई मला नणंदेच्या नावाने हाका मारू लागल्या. वय ७९. बाहेर ४३ अंशांचं ऊन. "जावईबापूंचा चहा झाला का गं?" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि जावईबापू तर पुण्यात. विसरण्याचा आजार सुरू झाला, असं आम्ही धरूनच चाललो. डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला, रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगातलं पाणी फार कमी झालंय. दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले.

घरी आल्यावर हिशेब मांडला. सकाळी चहा, गोळीबरोबर दोन घोट पाणी, जेवणात आमटी, संध्याकाळी परत चहा. बस. कारण विचारलं तर आधी सांगेनात. मग कळलं की गुडघे दुखतात, संडास-बाथरूम गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून सारखं उठायला लागू नये यासाठी त्या पाणीच कमी करत गेल्या होत्या. त्यात म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावते, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. "तहान लागली की पितील" याच भरवशावर आम्ही होतो.

म्हणून सुरुवात पाण्यापासून केलीच नाही. गॅलरीच्या भिंतीला धरायला कठडा लावला, कमोडला दोन्हीकडे दांड्या बसवल्या, रात्रीचा छोटा दिवा लावला. मग पाणी. त्यांना हृदयाची गोळी आहे, म्हणून किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी दिवसाला दीड लिटर सांगितलं, चहा-ताक धरून. लिटरभराचा तांब्या सकाळी भरून ठेवते, शिवाय अकरा वाजता ताक, चार वाजता पन्हं नाहीतर कोकम, रात्री मुगाच्या डाळीचं पातळ कढण. "पाणी प्या, पाणी प्या" म्हणणं बंद केलं, कारण त्याने त्या चिडत. समोर पेला ठेवला की पितात.

आपण इंदूरकर खाण्यावर जीव टाकणारी माणसं. तसेच आपल्या घरातले बदलही सांगू या. दोन विनंत्या. स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाबद्दलच लिहा, मापासकट, आणि जे जमलं नाही तेही लिहा. आणि कुणाची गोळी बंद करायचा सल्ला कृपया देऊ नका.

राजेंद्रनगरहून, वय ५४

ताई, तुमचं वाचून आईला फोन केला आणि आधी पाण्याचंच विचारलं.

माझं साखरेचं. सकाळी फिरून झालं की आमचा सात जणांचा घोळका कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जलेबी खायचा. वर मुठीने शेव, जीरावन (इथला खारट-चटपटीत मसाला), आणि "आरोग्यासाठी" म्हणून मोसंबीचा मोठा ग्लास रस. दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, ६.२ आली. ६.५ ला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी उंबऱ्यावरच उभा होतो.

पोहे सोडले नाहीत. इंदूरमध्ये राहून ते होणार नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. घरी करायला लागलो. पोहे निम्मे, उरलेल्या निम्म्यात मोड आलेले मूग, मटार, कांदा, शेंगदाणे. शेव चहाच्या एका चमच्याइतकी. जलेबी रविवारी, एक. रस पूर्ण बंद करून मोसंबी सोलून खातो. एका ग्लासात तीन-चार मोसंब्यांची साखर जाते आणि चोथा तिथेच राहतो, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठावर आणलं आणि नंतर वीस मिनिटं कॉलनीत चालतो. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जातो, पण महिन्यातून एकदा, पाहुणे आले की, आणि त्या दिवशी घरी जेवत नाही. सहा महिन्यांनी ५.८. वजन चार किलो उतरलं.

नाही जमलं ते म्हणजे पोळीऐवजी रोज भाकरी. दोन महिने रेटलं, मग घरातल्यांनी आणि मीही हात टेकले. आता आठवड्यातून तीनदा ज्वारीची भाकरी, बाकी पोळी.

विजयनगर, पीजीत राहते, वय २६

जिना चढताना धाप लागायची, केस हातात यायचे. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, बायकांचं निदान १२ हवं. आईने लगेच गूळ-खजूर पाठवले. डॉक्टर म्हणाल्या की इतकं कमी असताना नुसत्या खाण्याने भरून निघणार नाही, लोहाची गोळी घ्यावीच लागेल.

दोन महिने गोळी घेतली आणि आकडा जेमतेम हलला. मग त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?" नाश्त्याच्या चहाबरोबर. तिथेच चुकत होतं! चहातले घटक लोह अंगी लागू देत नाहीत. मग गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा दीड-दोन तासांनी. जेवणानंतरचा चहासुद्धा पुढे ढकलला. डब्यातल्या डाळीवर, उसळीवर लिंबू पिळते, थंडीत आवळा खाते. चार महिन्यांनी ११.८. गोळी अजून चालू आहे, कारण रक्तातला आकडा वर आला तरी शरीरातला साठा भरायला वेळ लागतो.

देवास-उज्जैन-धार फिरतीवर, वय ३८

मुतखडा. ज्याला झालाय त्याला पुढचं सांगायला नको. रात्री दोनला कमरेतून कळ निघाली आणि मी फरशीवर लोळत होतो. ६ मिलिमीटरचा होता, औषधाने पडला.

फिरतीच्या नोकरीत पाणी कमीच होतं. बाटली गरम होते, ढाब्यावरच्या पाण्याची खात्री नाही, मग भर चहावर आणि भूक लागली की नमकीनच्या पुडीवर. खडा पडल्यावर डॉक्टरांनी किती पाणी प्यायचं ते सांगितलंच नाही. म्हणाले, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, त्यासाठी लागेल तेवढं प्या. हे मला फार पटलं, कारण जून महिन्यात दुचाकीवर फिरणाऱ्याचा अर्धा ऐवज घामातच जातो. एका रविवारी घरी बाटलीत मोजून पाहिलं तर जेमतेम एक लिटर. लाज न बाळगता एकदा मोजाच. त्यानंतर दुचाकीला दोन लिटरचा थर्मास बांधला. वाटेत पेट्रोलपंप दिसला की रिकामा होऊन परत भरून घेतो.

दुसरी चूक अशी की खडा कॅल्शियमचा म्हणून मी दूध-दही सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी ते परत सुरू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेट या घटकाला पोटातच धरून ठेवतं, त्यामुळे ऑक्झलेट मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. कमी करायचं होतं ते मीठ. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता पुडीवर मागे छापलेलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, वाचतो. शेव, जीरावन, लोणचं, पापड हे एका दिवशी चारही नाहीत, एकच. गाडीच्या डिकीत भाजलेले चणे असतात. तीन वर्षांत परत खडा नाही.

सरकारी शाळेतली शिक्षिका

दादा, तुम्हाला पेट्रोलपंप तरी आहे. आमच्या शाळेत बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. मी सकाळी सातला घरून निघाले की दुपारी दोनपर्यंत घोटभरही पीत नसे. वर्षात चार वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, चारही वेळा प्रतिजैविकं. आम्ही सहा जणींनी मिळून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला, वर्गणी काढून कडी आणि टाकी बसवली. मगच बाटली नेऊ लागले. यंदा एकदाही त्रास नाही.

मुलींचंही तेच होतं, त्याही पीत नव्हत्या. केरळात २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली होती, ते वाचलं होतं. आम्हीही दिवसातून तीनदा घंटा देतो आणि त्या वेळी सगळ्यांनी बाटली उघडायची. दुपारी डोकं दुखतं म्हणून घरी जाणाऱ्या मुली कमी झाल्या, हे मी हजेरीपटावरून सांगते.

सुदामानगर, वय ६८

दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्या ह्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी होती. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की उठल्या उठल्या दोन लिटर गरम पाणी प्यायचं आणि मीठ बंद करायचं. दोन्ही केलं. तीन आठवड्यांनी चक्कर, बोलण्यात गोंधळ. रक्तातलं सोडियम १२१ निघालं, ते १३५ ते १४५ हवं. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. पाणी जास्त झालं तरी माणूस असाच बरळतो. हृदय, मूत्रपिंड किंवा अशी गोळी असेल तर आपलं माप विचारूनच घ्या.

धागा काढणारी

काकू, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. म्हणूनच आम्ही दीड लिटरचा आकडा विचारून घेतला होता.

वैशालीनगर, निवृत्त, सांवेरकडे थोडी शेती

बायको ६१ वर्षांची, गेल्या पावसाळ्यात अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण पायात जोरच नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. मोठ्या माणसाने वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं तरी खावीत. तिचं वजन ५८, म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. भरली तीस. आमच्या घरचं वरण म्हणजे पिवळं पाणी, त्यात डाळ शोधावी लागायची. ब-१२ जीवनसत्त्वही कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली.

आता गंमत बघा, आमच्या शेतात सोयाबीन पिकतं. सगळा माळवा ते पिकवतो, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरात आहे, आणि आम्ही ते मंडीत विकून घरी पोळ्या नुसत्या गव्हाच्या खात होतो. पहिल्यांदा मी कच्चंच सोयाबीन गव्हात दळून आणलं. सगळ्या घराची पोटं बिघडली. मग नीट पद्धत शिकलो. पाण्याला खळखळ उकळी आली की त्यात सोयाबीन टाकायचं, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, निथळून कडक उन्हात वाळवायचं, आणि नऊ किलो गव्हाला एक किलो याप्रमाणे दळायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. पोळी थोडी पिवळसर होते, चवीला कळतही नाही.

शिवाय वरण घट्ट, दोन्ही जेवणांत वाटीभर दही, संध्याकाळी फरसाणऐवजी मुगाचं धिरडं. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम, दहा-दहादा. प्रथिनांना स्नायूत जायला काम लागतं, असं बाई म्हणाल्या. आठ महिन्यांत बायको आधाराशिवाय गच्चीवर जाऊन वाळवण घालायला लागली. बाफल्यांचा (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) रविवार आम्ही ठेवलाय, तूपही आहे, फक्त तुपात बुडवत नाही, वरून घालतो.

टिळकनगर, दोन वर्षांच्या मुलाची आई

माझं थोडक्यात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि बाळाला जुलाब लागले. मी जलसंजीवनीच्या (ओआरएस) पुड्यातली अर्धी पूड एका पेल्यात कालवून देत होते, दाट आहे तर चांगलंच असं वाटलं. पुडा लिटरचा होता. दाट झालं की जुलाब वाढतात, हे मला माहीत नव्हतं. पूर्ण पुडा पूर्ण लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्याचमच्याने. पुडा नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. बरोबर जस्ताची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. तेव्हापासून जून ते सप्टेंबर घरात उकळलेलंच पाणी.

धागा काढणारी

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

"माझं माहेर देवासचं. आमच्याकडे म्हणायचे, 'डग डग रोटी, पग पग नीर', माळव्यात पावलोपावली भाकरी आणि पाणी. लग्न होऊन इंदुरात आले तेव्हा उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची, पहाटे चारला रांग. मुलांना आणि सासऱ्यांना आधी, आपण मागून, ही सवय तेव्हाच लागली. पुढे १९७८ मध्ये नर्मदा आली, सत्तर किलोमीटरवरून. पाणी आलं तरी सवय गेली नाही. मला पाणी नको होतं असं नाही. रात्री उठले की मुलगा जागा व्हायचा, हात धरून न्यायचा, सकाळी त्याला कामाला जायचं असायचं. त्याची झोप मोडू नये म्हणून मी संध्याकाळपासूनच पीत नव्हते. हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता कठडा धरून एकटी जाऊन येते, कुणी जागं होत नाही. अकराचं ताक मात्र थोडं आंबट हवं."