हेलियम खरंच विजयदुर्गला सापडला का?

कॉमर्सवाली_आई
लेक दहावीत आहे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तिला विजयदुर्ग दाखवला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून एकाने सांगितलं, लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने ग्रहणात इथूनच हेलियम शोधला. तेव्हापासून बाईसाहेब दोन प्रश्न घेऊन बसल्यात. हे खरं का? आणि हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, मग तो आवर्तसारणीत बेरिलियमच्या डोक्यावर, गण 2 मध्ये (म्हणजे दुसऱ्या उभ्या रांगेत) का नाही? पार उजव्या टोकाला का? माझं विज्ञान दहावीलाच संपलं, वाचवा.

खडू_फळा
ताई, आधी दुसरा प्रश्न, कारण तो लेकीचा स्वतःचा आहे. (वर्गात असा प्रश्न आला की माझा तास सार्थकी लागायचा.)

अणूत इलेक्ट्रॉन कवचांत, म्हणजे थरांत, राहतात. पहिल्या कवचात जागाच दोन. हेलियमचं घर भरलेलं. कोणाकडून घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. बेरिलियमकडेही बाहेर दोनच, पण त्या कवचात जागा आठ. ते दोन वापरून तो ऑक्सिजनशी, क्लोरीनशी जोडला जातो. नुसते इलेक्ट्रॉन मोजू नका, कवच भरलंय का ते बघा. म्हणून हेलियम निऑन-अरगॉनच्या वर, राजवायूंत (सहसा कोणाशी न जोडले जाणारे वायू).

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हच्या 1869 च्या तक्त्यात हा गणच नव्हता. पुढे सापडलेल्या गॅलियम-जर्मेनियमसाठी त्याने रिकाम्या जागा सोडल्या, राजवायूंसाठी एकही नाही. जे सहसा कोणाशी संयोगच पावत नाहीत त्यांचा सुगावा लागणार कसा?

हेलियमचा लागला तो उजेडातून. डाळीचं खारट पाणी उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. वर्णपटात, म्हणजे उजेड रंगांत फोडला की दिसणाऱ्या पट्ट्यात, त्याच्या दोन पिवळ्या रेषा जोडीने दिसतात. 1868 मध्ये सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तिसरीच पिवळी रेषा दिसली, त्या जोडीच्या शेजारी, पण जोडीवर नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. नवं मूलद्रव्य म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. शेवटचं '-इयम' सोडियमसारखं. धातू असेल असं वाटलं होतं! हातात आला थेट 1895 मध्ये, रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये युरेनियमच्या एका खनिजातून काढला तेव्हा.

आता ओटे. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जानसेन आपल्याकडे गुंटूरला होता. लॉकयर मात्र इंग्लंडमध्येच. त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला.

किल्ल्याखालचा
सर, बालपण त्या ओट्यांवर गेलंय आमचं. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, तो काय उगाच?

खडू_फळा
अहो, ग्रहणाचा पट्टा तुमच्या किनाऱ्यावरून गेला, त्याबद्दल वाद नाही. दिन कराच, मलाही बोलवा. फक्त लॉकयरला ओट्यावर बसवू नका.

कॉमर्सवाली_आई
सर, खूप आभार. लेकीने लगेच गॅसवर चिमूटभर मीठ टाकून बघितलं. ज्योत पिवळीधमक! बर्नर मी घासतेय. आणि आता विचारतेय, हायड्रोजन वायू असून सोडियमच्या गणात कसा?

खडू_फळा
त्याला नवा धागा काढा. आणि बर्नर तिला घासू द्या.