मदत हवी आहे: चाकात ढिलाई नाही, तरीही बेअरिंग गेलेले असू शकते का?

माझी गाडी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक असून ती ९२ हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून ताशी पन्नासच्या पुढे समोरून घुमल्यासारखा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो चढत जातो. पुणे-सातारा रस्ता मोकळा असताना ताशी सत्तरला काही क्षण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहिली (एरवी असे करू नये, हे मला ठाऊक आहे). इंजिनाचा आवाज उतरला, पण हा तसाच राहिला. महामार्गाच्या लांब उजव्या वळणावर तो वाढतो आणि डाव्या वळणावर जवळजवळ बंद होतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येत असल्यामुळे माझा संशय डाव्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर आहे.

घोळ पुढे आहे. त्या चाकाच्या टायरवरून हात फिरवला असता आतली कड करवतीसारखी झिजलेली लागली, म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेतले. आवाज किंचित कमी झाला, पण मागे गेला नाही. पहिल्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले आणि ढिलाई नाही, म्हणजे बेअरिंग ठीक आहे, असे सांगितले. दुसरे मेस्त्री दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदला म्हणतात. कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद:

ढिलाई बहुधा अगदी शेवटी येते. बेअरिंगच्या आतल्या धावेला (गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या कड्याला) खड्डे पडू लागले की आवाज त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खरखर हाताला जाणवली आणि उजवीकडे ती नसेल, तर फक्त डावे बेअरिंग बदला; चांगले काढून टाकण्याचे कारण नाही. टायरचाही थोडा आवाज होताच, त्यामुळे अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यावेच लागेल.

बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, प्रेसवरच (दाब देऊन बसवणाऱ्या यंत्रावर) बसवून घ्या. एबीएससाठी (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बेअरिंगमध्ये चुंबकीय कडे म्हणजे रिंग असेल, तर ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच आली पाहिजे. उलटे बसले की एबीएसचा दिवा लागतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. हबचा (चाकाच्या मध्यभागाचा) नट नवा घ्या आणि तो टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळायला सांगा.