अनुभव धागा: तळाची टीम आणि नवे सर

विजापूर_वेस

पुतण्याची फुटबॉल टीम सध्या लीगमध्ये तळाला आहे. परवा नवे कोच आले. पोरगं घरी आलं ते तोंड फुगवून. "काका, सरांनी आज बॉलला पायच लावू दिला नाही. नुसतं कुठं उभं राहायचं तेच सांगत होते." ते ऐकलं आणि मला आमचे सर आठवले. तेव्हापासून डोक्यातून जाईनात, म्हणून धागा काढतोय.

नव्वदीतली गोष्ट. आमचं मंडळ खालच्या गटात, त्यातही शेवटचं. सहा-सात गोल खाणं नेहमीचंच. आमच्याशी मॅच असली की समोरचे राखीव पोरं उतरवायचे, ते मात्र मनाला लागायचं. अशात हे सर बदली होऊन सोलापुरात आले. नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर यायचे, एक पैसा घेत नव्हते.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मागच्या मोसमात गोल कसे खाल्ले?" आम्ही सगळ्यांनी गोलकीपरकडं बोट केलं. सरांनी लाँगबुक काढलं. लिंबाखाली बसवून एकेक गोल आमच्याकडून आठवून घेतला. कुठल्या बाजूनं आला, कितव्या मिनिटाच्या आसपास, तेव्हा कोण कुठं होतं. काही संध्याकाळी त्यातच गेल्या. आम्ही वैतागलो होतो. पण शेवटी सरांनी वही फिरवून आमच्यासमोर धरली. निम्म्याहून जास्त गोल डाव्या बाजूनं, आणि तेही हाफटाइमनंतर.

आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूला बचाव करणारा, यंत्रमागावर रातपाळी करायचा. सकाळी सुटला की तसाच, न झोपता मॅचला. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण दोन गोष्टी जोडून कुणी बघितल्याच नव्हत्या. सरांनी त्याला काढलं नाही. कारखान्यात जाऊन मालकाशी बोलले, मॅचच्या आदल्या रात्रीची पाळी बदलून घेतली. ते जमलं नाही त्या दिवशी त्याला फक्त पहिला हाफ खेळवायचे. बाकी ना काही नवीन फॉर्मेशन, ना भाषण.

पुढची मॅच 0-0 सुटली. आम्ही असे नाचलो की समोरच्या टीमला कळेना, जिंकलं कोण. चॅम्पियन वगैरे कधी झालो नाही. पण तळातून वर आलो आणि समोरचे त्यांची मेन टीम उतरवायला लागले. मला त्याचंच जास्त वाटतं.

तुम्ही खेळलेल्या, बघितलेल्या, पोरांना सोडायला जाता त्या टीमला असं कुणी भेटलंय का? लिहा.

पूर्वभाग

काय लिहिलास बे! माझे वडील पण मागावर होते. रातपाळी करून आले की कानात खटखट तशीच चालू राहायची म्हणायचे, झोप लागायची नाही. त्या लेफ्ट बॅकला माझा नमस्कार सांग. कुठं असतो आता?

विजापूर_वेस

भिवंडीला गेला. फोन असतो अधूनमधून. पोरगी इंजिनिअर झाली त्याची.

पूर्वभाग

लई भारी. बरं वाटलं ऐकून.

माहेर_कोल्हापूर

आमच्याकडं कोल्हापुरात कोच बदलला की आख्ख्या पेठेत चर्चा. शाहू स्टेडियमला पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा कुणाचीही मॅच असू दे, वडील जेवण अर्धं टाकून जायचे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्या रविवारी यांना विचारलं, इथं मॅच कुठं असते? हे म्हणाले, क्रिकेट ना, पार्कवर. मला रडूच आलं होतं.

पण आता मुलामुळं इथलं फुटबॉल जवळून बघते. इथल्या पोरांना गर्दी नाही, बक्षीस नाही, कडेला ओरडणारं कुणी नाही, आणि तरी उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला मैदानावर असतात. कोल्हापुरात मी एवढी चिकाटी बघितली नाही, आणि हे मी माहेरी पण बोलून दाखवलंय.

होटगीरोड

अनिकेत जाधव कोल्हापूरचाच ना? 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये होता तो. त्याच वर्षी शाळांना बॉल वाटले होते. आमच्या शाळेत आलेला बॉल दोन महिने कपाटात कुलपात. नवीन पीटी सर आले, पहिल्याच दिवशी किल्ली मागून घेतली. शाळेची टीम तिथून सुरू झाली.

एक_नंबर_जर्सी

गोलकीपर बोलतोय. त्या लाँगबुकवाल्या सरांना भेटायला पाहिजे होतं मी, सगळ्यांचं बोट माझ्याकडंच असायचं.

आमच्याकडं नवे कोच आले ते वयस्कर होते. जुन्या कोचनी सांगून ठेवलेलं, लाइन सोडायची नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी पेनल्टी स्पॉटवर फक्कीनं आडवी रेघ मारली आणि म्हणाले, बॉल आपल्या हाफच्या पुढं असला की तू इथं. मला पोटात गोळा. डोक्यावरून उंच बॉल, लॉब, आला तर? ते म्हणाले, येईल, एखादा जाईल, तो गोल माझ्या नावावर लिहायचा. आणि खरंच एक गेला. पोरं माझ्याकडं बघायला लागली तर कडेवरून सर ओरडले, "तो माझा!" सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

त्याच्यानंतर मला भीती वाटली नाही. बॅकच्या मागं पडलेला बॉल मी पळत येऊन मारायचो. 1992 ला बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला बॉल, हातात घ्यायची मुभा गेली, तेव्हापासून गोलकीपरला पाय लागतातच, पण आमच्यापर्यंत ते पोचायला हे सर यावे लागले. अजून खेळतो, चाळिशी पार, रविवारी. गुडघ्याची सालटं निघतात, आपली जमीन म्हणजे मुरूम नुसता.

माहेर_कोल्हापूर

"तो माझा!" वाचून काटा आला अंगावर.

सरासरी

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मी संख्याशास्त्र शिकवतो. नवा कोच आला की टीम सुधारते असं सगळ्यांना वाटतं. बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगचा 1986 ते 2004 चा अभ्यास केलाय. ज्यांनी कोच हाकलला त्या टीम, आणि तितक्याच वाईट चालल्या होत्या पण कोच तोच ठेवला त्या टीम, अशा शेजारी ठेवून बघितल्या. दोन्ही साधारण सारख्याच सावरल्या. कोच हाकलतात तेव्हा टीम आधीच तळाला गेलेली असते. तिथून बहुतेक वेळा वरच यायचं असतं. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

विजापूर_वेस

राग कसला. पण आमचं आधीपासूनच तसं चाललं होतं, कित्येक मोसम. आपोआप वर येणारे असतो तर कधीच आलो असतो. आणि रातपाळी काय आपोआप बदलली नसती.

सातरस्ता

@सरासरी मग इंग्लंडच्या ब्रायन क्लफचं काय? तो कोच म्हणून आला तेव्हा, जानेवारी 1975 ला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेराव्या नंबरवर होती. 1978 ला लीग चॅम्पियन, 1979 आणि 1980 ला युरोपियन कप!!

सरासरी

तेच उदाहरण घेऊ. क्लफ आल्यावर त्या मोसमात फॉरेस्ट उलट खाली गेली, सोळावी. पुढच्या वर्षी आठवी. मग 1976 च्या उन्हाळ्यात पीटर टेलर मदतीला आला आणि 1977 ला तिसऱ्या नंबरवरून वर चढली. म्हणजे पहिल्या मोसमात बघून हाकललं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी कोचच्या विरुद्ध नाही, मी थांबण्याच्या बाजूचा आहे. सारखे कोच बदलण्याच्या विरुद्ध.

सातरस्ता

हे पटलं. मोबाइलवरून लिहायलोय, दुकानात गिऱ्हाईक आलंय, नंतर येतो.

रात्रीची_मॅच

मी बोर्नमथवाला, म्हणजे त्या इंग्लिश क्लबचा चाहता. हसू नका, सोलापुरात मी एकटाच असेन. 2008-09 ला ते चौथ्या पातळीच्या लीगमध्ये होते आणि पैशाच्या भानगडीमुळं मोसमाच्या सुरुवातीलाच 17 पॉइंट कापलेले. लीगमधूनच बाहेर पडायची वेळ. डिसेंबरच्या शेवटी एडी हाउला कोच म्हणून उभं केलं, वय 31, आधी त्याच क्लबला खेळलेला. वाचवली टीम. पुढच्याच वर्षी वर चढवली. मधे बर्नलीला गेला, 2012 ला परत आला आणि 2015 ला प्रीमियर लीग.

माझ्या वडिलांची नोकरी गेली त्या वर्षी मी हे सगळं सायबर कॅफेत बसून वाचायचो. उणे 17 वरून माणसं सुरुवात करतात, एवढं एक वाक्य त्या दिवसांत मला पुरायचं. म्हणून मी अजून त्यांचाच.

पूर्वभाग

कोण हसतंय बे. उलट छान वाटलं.

हुतात्मा_चौक

खालिद जमीलचं कुणीच कसं लिहिलं नाही? आयझॉल 2015-16 ला आयलीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमधून, खाली गेली होती, गोव्याच्या टीमनी माघार घेतली म्हणून परत घेतली. जमील आले आणि 2016-17 ला चॅम्पियन. मोहन बागानपेक्षा एक पॉइंट जास्त, शेवटची मॅच लाजोंगशी 1-1. मिझोराममधली टीम देशात पहिली!

आणि आता दुसरी बाजू. जमील त्याआधी कित्येक वर्षं मुंबई एफसीला होते. ते गेले, आणि त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर. मला ह्याचं वाईट वाटतं. आपल्या महाराष्ट्रातली टीम, माणूस असेपर्यंत कशीबशी टिकत होती. 2025 ला जमील भारताचे कोच झाले, पण मुंबई एफसी कुठाय?

नाव_नको

आमचा अनुभव वाईट आहे, तरी लिहिते. म्हणजे माझ्या भावाचा. गाव-क्लब काही सांगत नाही. नवीन मॅनेजर आला तो मोठ्या गाडीतून. म्हणाला महिन्यात वर नेतो. बाहेरून मॅचला पैसे घेऊन खेळणारी पोरं आणली. पहिल्या मॅचेस जिंकल्या, फटाके वाजले. आमची गल्लीतली पोरं बाकावर, मग बाकावरूनही गेली. पैसे संपल्यावर बाहेरची पोरं पण गेली आणि मॅनेजर पण. पुढच्या मोसमाला अकरा जण जमेनात. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, परत स्टड, फुटबॉलचे बूट, घातले नाहीत त्यानं. अजून घरात पिशवीत तसेच आहेत, आई टाकू देत नाही.

एक_नंबर_जर्सी

ताई, भावाला रविवारी पाठवा. खरंच. चाळिशीवालेच असतो सगळे, कुणी काही बोलणार नाही.

नाव_नको

विचारते. दादा तुमचे आभार.

जुळे_सोलापूर

पोळ्या करता करता लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या. माझी मुलगी चौदाची, मुलींची टीम. सगळ्या मॅच हरत होत्या. नवीन कोच आली, आपल्यातलीच, पंचविशीची असेल. तिनं आधी मुलींना नाही, आम्हा आयांना बोलावलं. विचारलं की मुली सारख्या गैरहजर का. आम्ही म्हटलं अभ्यास. ती म्हणाली, रजिस्टर बघा, सगळ्यांच्या सुट्ट्या एकाच वारी कशा? मग कबूल केलं एकेकीनं. पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी नळ येतो, आणि भरायला घरातली मुलगीच लागते. मुलगा क्लासला गेलेला चालतो.

ती रागावली नाही. कुठल्या भागात कुठल्या दिवशी पाणी येतं ते लिहून घेतलं आणि सरावाचं वेळापत्रक त्यावर बसवलं. दुसरं, मैदानाजवळच्या एका घरी बोलून मुलींना कपडे बदलायची आणि बाथरूमची सोय केली. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. मुली मॅचच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत हो, आपल्या 43 डिग्रीच्या उन्हात. चक्कर येऊन पडायच्या आणि आम्ही म्हणायचो स्टॅमिना नाही.

जिंकल्या का? एक जिंकल्या, बाकी अजून हरतात. पण आता पूर्ण वेळ पळतात. मुलीच्या बाबांनी आता पाणी भरायला सुरुवात केलीय, हे पण त्या कोचमुळंच.

विजापूर_वेस

हे वाचून गप्पच झालो ताई. पाणी न पिणं... आमच्या मनात कधी आलं नसतं.

सरासरी

जुळे_सोलापूर, तुमच्या कोचचं रजिस्टर मला वर्गात दाखवावंसं वाटतंय, नाव-गाव काढून. परवानगी विचाराल का त्यांना? आकडे असे वाचायचे असतात.

जुळे_सोलापूर

विचारते नक्की. खूश होईल ती.

होटगीरोड

गड्ड्याच्या जत्रेनंतर होम मैदानावर खेळलेले कुणी आहेत का? स्टॉल उठले की खिळे, तारा, बांगड्यांच्या काचा. आमचे पीटी सर स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून आमच्याकडून मैदान फिरवून घ्यायचे. डबाभर खिळे निघायचे. मग खेळ.

सातरस्ता

आलो परत. आम्ही पण! आणि गड्ड्यात फुटबॉल मिळायचे ते रंगीत, दोन दिवसात फुगा व्हायचा त्यांचा एका बाजूनं.

हुतात्मा_चौक

चांगले स्टड कुठं मिळतील आता? पुतणीला घ्यायचेत. नवी पेठेत बघितलं, सगळे क्रिकेटचे.

माहेर_कोल्हापूर

मी पुढच्या महिन्यात माहेरी जातेय, साइज कळवा, घेऊन येते. कुणाला काय अजून?

जुळे_सोलापूर

मुलींच्या गोलकीपरला ग्लोव्हज हवेत, सध्या स्कूटरवर घालायचे हातमोजे घालते. पैसे आधी देईन.

एक_नंबर_जर्सी

पैसे नकोत. माझ्या मुलाचे लहान झालेत, सात नंबरचे, तळव्याचं रबर अजून चांगलं आहे. चालतील का?

जुळे_सोलापूर

सातच लागतात तिला! कुठं येऊ घ्यायला?

एक_नंबर_जर्सी

तुम्ही नका येऊ. सराव कधी आहे सांगा, मीच येतो मैदानावर. तिला ते धुवायचे कसे तेही दाखवायचंय, साबण लावला की ग्रिप जाते.

जुळे_सोलापूर

गुरुवारी साडेपाच. बुधवारी पाणी आहे आमच्याकडं.