मदत हवी आहे: आईच्या मोज्यांची टाच

नमस्कार काकू, ताई, दादा. मी ग्वाल्हेरची. इथे पौषात फरशी पायाला चावते, म्हणून आईसाठी लोकरीचे मोजे विणते आहे. संध्याकाळी तिचे पाय सुजतात, विकतचे मोजे घोट्याला करकचून बसतात आणि वळ उठतात. ते मला बघवत नाही.

अडीच मिमीच्या पाच सुया, ६४ टाके, वरची पट्टी दोन सुलट-दोन उलट. इथवर छान झालंय. टाचेसाठी निम्मे, म्हणजे ३२ टाके घेऊन पुढे-मागे विणले. सुलट ओळीत एकाआड एक टाका न विणता नुसता उचलला की टाच जाड आणि टिकाऊ होते. आता कडेचे टाके उचलताना दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतंय. तिथे एक टाका जास्त उचलून पुढच्या फेरीत दोन टाके एकत्र विणावेत का? आणि पाऊल वरून उंच आहे, तर टाचेच्या ओळी ३२ ऐवजी ३६ केल्या तर चालेल?

शिवाय नुसत्या लोकरीची टाच लवकर विरते. नायलॉन मिसळलेली लोकर मला इथल्या बाड्यावर, म्हणजे महाराज बाड्याच्या बाजारात, मिळाली नाही. टाचेपुरता बारीक नायलॉनचा धागा सोबत घेऊन कुणी विणलंय का? तो टोचतो का? संक्रांतीपर्यंत मोजे पुरे करायचे आहेत.