सिंधुदुर्गातल्या जाळ्यांचं काय?

परदेशी निधीच्या पर्यावरण प्रकल्पांतून अहवाल आणि कार्यशाळांपलीकडे हाती काही लागत नाही, असं काही जण म्हणतात. बऱ्याच ठिकाणी खरंही आहे ते, पण सिंधुदुर्गाला सरसकट लागू नाही.

तिथल्या किनारी जैवविविधता प्रकल्पाला यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीची मदत होती. त्यातलं ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीच्या, जाळ्याचं काम बघा. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, शंकरपाळ्यासारखा. ओढ बसली की मिटतो आणि माशांची बारकी पिल्लंही आत अडकतात. मासे साठतात त्या शेपटाच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावला की तो ओढीतही उघडा राहतो, पिल्लं निसटतात. जाळं हलकं ओढलं जातं, म्हणून डिझेलही वाचतं. (नुसत्या पिल्लांसाठी कोण जाळं बदलणार होतं!) पुढे राज्य सरकारने हा आस सक्तीचा केला. अंमलबजावणी? तो वेगळाच विषय.

याच प्रकल्पातलं कांदळवनातलं खेकडापालन मला जरा कच्चं वाटतं. खेकड्यांची पिल्लं तमिळनाडूतून आणायची, म्हणजे अनुदान थांबलं की अडलं.

२०१८ साली हरित हवामान निधी (जीसीएफ) या आंतरराष्ट्रीय निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. त्यातही खेकडापालन आहे. त्याचा हिशेब मागताना प्रशिक्षणार्थींची संख्या नको. किती गटांनी पुढच्या हंगामात स्वतःच्या पैशाने खेकडे सोडले, ते विचारा.